गच्चीबावलीचे पाणी

हैदराबादला निघालेल्या आपल्याकडच्या माणसाची यादी ठरलेली असते. चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा, बिर्ला मंदिर, हुसेनसागरातला बुद्ध, आणि वेळ उरलाच तर रामोजी फिल्म सिटी. येताना कराची बेकरीची बिस्किटे आणि लाडबाजारच्या बांगड्या. या यादीत पोहण्याचा तलाव कधी नसतो. तलाव काय बघायचा, असे वाटते. पण गच्चीबावलीचे जलतरण संकुल पाहून आल्यापासून मी ओळखीच्या प्रत्येक घराला सांगते आहे, की मुलांना घेऊन जाल तेव्हा एक सकाळ तिथे काढा.

आधी नावाचेच बघा. 'गच्चीबावली' हे नाव आपल्यासारख्या दुभाषी घरात सहज उलगडते. गच्ची म्हणजे चुन्याचे पक्के काम. 'चुनेगच्ची बांधकाम' हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होता. कन्नडमध्येही 'गच्चु' म्हणजे चुन्याचा लेपच. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर. मराठीत बावडी, कन्नडमध्ये बावि. गावाच्या नावाची फोड अशीच करतात, चुनेगच्चीने बांधलेल्या बावडीचे गाव. विजापूरची ताज बावडी आणि बीदरची सुरंग बावि पाहिलेल्यांना हे नाव परके वाटणार नाही. बावडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच गावात आज शहराचे मोठे सार्वजनिक जलतरण संकुल उभे आहे, हा योग मला फार आवडला.

पोहण्याचे शब्दही असेच सोयरे आहेत. कन्नडमध्ये पोहणे म्हणजे ईजु, तेलुगूत ईत. कन्नडमध्ये तलाव ईजुकोळ, तेलुगूत ईतकोलनु. 'ईसु' हे जुने रूप तर दासांच्या पदांमुळे आपल्या कानावर आहेच. भवसागर पोहून जायचे, ही कल्पना आपल्या संतांनी आणि दासांनी दोघांनीही घरोघर पोचवली. प्रत्यक्ष पाण्यात उतरायला मात्र आपण मुलांना शिकवले नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच.

सोलापूर ते लिंगमपल्ली

सोलापूर, कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद, लिंगमपल्ली. मुंबईहून येणाऱ्या हुसेनसागर एक्स्प्रेसचा हा रस्ता सीमाभागातल्या कितीतरी घरांना पाठ आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा हे सगळे हैदराबाद राज्यातच होते. दिवाणी काम, दवाखाना, उच्च शिक्षण, लग्नाचा बस्ता, सगळ्याला हैदराबाद. राज्ये वेगळी झाली तरी नाती राहिली. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही मराठी माणसांची शिक्षणसंस्था तिथे आजही उभी आहे, आणि घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी बोलणारी कुटुंबे तिथल्या जुन्या वस्तीत भेटतात.

आमच्या नणंदबाई, म्हणजे अक्का, चंदानगरला राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघी त्यांच्याकडे तीन आठवडे राहिलो. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्या अफझलपूर तालुक्यातल्या, भीमेकाठच्या. मुलीशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि भाजीवाल्याशी जी सुचेल ती भाषा बोलतात. अक्कांनीच सुचवले, "वहिनी, सुट्टीत पोरीला पोहायला घाला. इथं सकाळी शिकवतात." मुलगी बारा वर्षांची. दोन नद्यांच्या जिल्ह्यात वाढलेली, पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी उतरलेली नाही. मी तरी कुठे उतरले होते?

लिंगमपल्लीहून संकुल सात-आठ किलोमीटरवर आहे. ज्या रस्त्यावर ते आहे, त्याला हैदराबादकर अजून 'ओल्ड मुंबई हायवे' म्हणतात. एकेकाळी आपल्याकडे येणारी वाहने याच रस्त्याने निघत. आज त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या इमारती, एका बाजूला १९७४ साली स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ, दुसरीकडे माहिती तंत्रज्ञानाची संस्था. १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि या खडकाळ माळाचे दिवस पालटले.

स्पर्धांसाठी बांधले, लोकांसाठी उरले

या क्रीडासंकुलाला जी. एम. सी. बालयोगी यांचे नाव आहे. लोकसभेचे अध्यक्ष असताना ३ मार्च २००२ रोजी हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा तेव्हाच्या आंध्र प्रदेशात भरल्या आणि त्यासाठी गच्चीबावलीत मैदाने, सभागृहे आणि जलतरण तलाव उभे राहिले. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २००३ या काळात पहिल्या आफ्रो-आशियाई स्पर्धा हैदराबादला झाल्या. त्यांत आठ खेळ होते, त्यांपैकी एक जलतरण. २००७ च्या ऑक्टोबरात जगभरच्या सैनिकांच्या स्पर्धाही याच शहरात झाल्या.

स्पर्धेसाठी बांधलेल्या वास्तूंचे पुढे काय होते, हे आपण सगळे जाणतो. चार दिवस झेंडे लागतात, मग कुलूप लागते आणि पाच वर्षांनी गवत. गच्चीबावलीच्या वाट्यालाही चढउतार आले. २०२० साली करोनाच्या साथीत संकुलातल्या उंच इमारतीचे रुग्णालय झाले. देशभरचे तलाव त्या मार्चमध्ये बंद झाले आणि ऑक्टोबरात आधी फक्त खेळाडूंसाठी उघडले. तरी पाणी राहिले. जुलै २०२३ मध्ये वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धा इथेच भरल्या. त्या पुढच्या वर्षी मंगळूरला झाल्या.

आता प्रत्यक्ष तलावाविषयी. आंतरराष्ट्रीय मापाचा तलाव म्हणजे पन्नास मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद. आकडा वाचून काही कळत नाही, काठावर उभे राहिल्यावर कळते. आपल्या गावातली मोठी विहीर त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. तळाला काळ्या रेघा, त्या रेघांवर डोळा ठेवून पोहणारे सरळ जातात. वर रंगीत दोरांनी पाण्याच्या पट्ट्या आखलेल्या. या दोरांवरच्या चकत्या फक्त शोभेच्या नसतात. शेजारच्याने हात मारल्यावर उठणारी लाट त्या मोडतात, म्हणून प्रत्येकाला आपापले शांत पाणी मिळते. सूर मारण्यासाठी वेगळा खोल तलाव असतो आणि नवशिक्यांसाठी वेगळा उथळ. काठावर खोलीचे आकडे लिहिलेले असतात.

अव्वांना ते आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी रखवालदाराला सरळ विचारले, "नीर यष्ट आळ अद?" पाणी किती खोल आहे? तो तेलुगू माणूस हसला आणि हात डोक्यावर नेऊन म्हणाला, "अम्मा, इतना." 'आळ' त्याला कळले की अव्वांचा चेहरा कळला, कोण जाणे.

पंचवीस लाख लिटर

आपल्या भागातला माणूस एवढे पाणी पाहिल्यावर आधी हिशेब करतो. मीही केला. पन्नास गुणिले पंचवीस, खोली किमान दोन मीटर धरली तर अडीच हजार घनमीटर, म्हणजे पंचवीस लाख लिटर. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर! २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले होते, ते आठवत असेल. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटरच पाणी जात होते. एक 'जलदूत' गाडी म्हणजे एक तलाव. ज्या भागाने ती गाडी पाहिली, त्या भागातल्या माणसाच्या मनात 'ही चैन कशाला?' असा प्रश्न आला तर तो चुकीचा नाही.

त्याचे उत्तर तलावाच्या कामकाजात आहे. तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते सतत ओढून घेतात, वाळूच्या मोठ्या गाळण्यांतून गाळतात, त्यात मोजून क्लोरीन सोडतात आणि पुन्हा तलावात आणतात. तेच पाणी दिवसरात्र फिरत असते. खर्च होते ते उन्हाने उडणारे आणि गाळण्या उलट्या धुताना जाणारे. कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडाले असे धरले, तर साडेबारा हजार लिटर होतात, म्हणजे एका टँकरपेक्षा थोडे जास्त. शेकडो मुलांचा व्यायाम आणि शिक्षण त्यावर होत असेल, तर हा खर्च एखाद्या हिरव्यागार हिरवळीच्या खर्चापेक्षा मला तरी जड वाटत नाही. मात्र पाणी गाळणे थांबले, की तोच तलाव दोन दिवसांत डबके होतो. म्हणून तलाव बांधणे सोपे आणि चालवणे अवघड. आपल्याकडच्या बंद पडलेल्या तलावांची गोष्ट बहुधा इथेच अडलेली असते, पंपाच्या दुरुस्तीवर आणि विजेच्या बिलावर.

आणखी एक गोष्ट मला तिथे समजली, ती घराघरांत सांगण्यासारखी आहे. तलावाला जो उग्र वास येतो, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होते, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळीची सक्ती असते, डोक्याला तेल चालत नाही, टोपी लागते. सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात, म्हणून नायलॉनचाच पोशाख. अव्वा म्हणाल्या, "नदीला जाताना आम्हीपण आधी पाय धूत होतो." नियम नवे असतील, रीत जुनीच.

पुराने पाणी दिलेले शहर

हैदराबादच्या पाण्याची कथाही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या दोन्ही भाषांचा वाटा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे सांगतात. ते झाड अजून दाखवतात.

त्यानंतर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, नोकरी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. त्यांचे स्वयंचलित दरवाजे आधी १९०३ साली खडकवासल्याला बसले. कन्नड मुलखात वाढलेला, मराठी मुलखात हात बसलेला हा माणूस हैदराबादच्या नदीला आवर घालायला आला. वरच्या अंगाला पाणी अडवा, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा. त्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. उस्मानसागरालाच लोक गंडीपेट म्हणतात. गच्चीबावलीहून तो फार लांब नाही. ज्या पाण्याने माणसे मारली, तेच पाणी अडवून शहराने पुढे प्यायले. पाण्याला भिऊन भागत नाही, त्याची रीत शिकावी लागते, हे या शहराला १९०८ सालानेच शिकवले असावे.

वेळ असेल तर सिकंदराबादेतली बन्सीलालपेटची बावडीही पाहून या. वर्षानुवर्षे ती कचऱ्याने बुजली होती. गाळ उपसून, दगड सावरून डिसेंबर २०२२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथे पोहायचे नसते, पण पायऱ्यांवर उभे राहिले की जुन्या काळी पाण्यापर्यंत माणूस कसा उतरत असे ते दिसते.

भोपळा, डबा आणि लग्न

आपल्याकडे पोहणे शिकायचे ते विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधायचे, नाही तर रिकामा रॉकेलचा डबा. कमरेला दोर, दोराचे टोक वर काकाच्या हातात. एक दिवस काका दोर सैल सोडणार आणि पोरगे आपोआप हातपाय मारणार. मुटका, सूर, बुडी मारून तळाचा दगड आणणे, हे सगळे शिक्षण बिनफीचे होते.

अव्वांनीही तसेच शिकले. माहेरच्या मळ्यात, भावांबरोबर, भोपळा बांधून. दहा-अकरा वर्षांच्या असताना त्या विहिरीच्या काठावरून सरळ उडी घेत. मग लग्न ठरले. "आणि मग?" मुलीने विचारले. "मग काय, सून विहिरीत पोहते का?" एवढेच त्या म्हणाल्या. साठ वर्षे झाली, त्या पाण्यात उतरल्या नाहीत. पोहणे मात्र विसरल्या नव्हत्या. बाकावर बसून त्या दोन्ही तलावांतल्या मुलांचे बारीक परीक्षण करीत. "त्या पोराचे हात चांगले आहेत, पाय झोपलेत." "ही मुलगी श्वास वर घेते, दमणार." तिथल्या शिक्षकांनी नंतर नेमके तेच सांगितले, तेव्हा अव्वांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

शिकाऊ तलावात मुलींची रांग मुलांच्या रांगेएवढी होती. रुमाल बांधलेल्या, पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोशाख घातलेल्या मुलीही होत्या. आधी तोंडाने पाण्यात बुडबुडे सोडायचे, मग कठडा धरून पाय मारायचे, मग पाण्यावर नुसते पडून राहायचे. हा तिसरा धडा सगळ्यांत अवघड. माणूस बुडतो तो बहुतेक वेळा धडपडीने. अंग सैल सोडले तर पाणी धरते. माझी मुलगी तिथे चार दिवस अडली. पाचव्या दिवशी अव्वा कठड्याशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "अंजब्याड! कै बिडु!" घाबरू नको, हात सोड. तिने सोडला. तिसरा आठवडा संपताना ती तलावाची रुंदी, पंचवीस मीटर, न थांबता पोहून गेली.

कोणाचे पाणी?

त्या विहिरींच्या आठवणी गोड आहेत, पण अर्ध्याच आहेत. विहीर मळेवाल्याची असे. तिच्या पायऱ्या कोणी उतरायच्या आणि कोणी वरूनच पाणी वाढून घ्यायचे, हे जात ठरवीत असे. त्यामुळे भोपळा बांधून पोहायला शिकणे हे सगळ्यांचे बालपण नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली मंजूर केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा तो हक्क हक्क म्हणून उभा राहिला.

काठावर बसून मी हेच पाहत होते. एकाच पाण्यात तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी बोलणारी मुले होती. कोणाच्या टोपीवरून आडनाव कळत नव्हते. तिथे मुलांची विभागणी होती ती फक्त खोलीवरून, कोणाला पोहता येते आणि कोणाला अजून नाही यावरून. सार्वजनिक तलावाची खरी किंमत मला इथे दिसते. अर्थात शुल्क आहे, पोशाखाचा खर्च आहे, आणि सकाळी सहाला मुलाला सोडायला ज्याच्या घरी कोणी नाही, त्याला हे पाणी अजून दूरच आहे. जातीने बंद केलेले दार पैशाने पुन्हा लागू नये, ही काळजी पालिकांनी आणि सरकारांनी घ्यायची आहे. खासगी क्लबच्या तलावाने ते होणार नाही.

पाण्याने आपल्या भागातल्या माणसांना केवढे दिले, तेही बघा. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीर अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण आणले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ सालच्या खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारताला जलतरणात आशियाई पदक मिळाले. कोल्हापूरचा हा मुलगा तयार झाला तो बेंगळुरूत, निहार अमीन यांच्या हाताखाली. सीमेवर कितीही वाद होवोत, पाण्यात हे असे चालते.

पदकापेक्षा जीव

पण मी हा लेख पदकांसाठी लिहीत नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला दरवर्षी एक सहल येते. पन्नास-साठ मुले, दोन-तीन अध्यापक आणि वाटेत कुठेतरी नदी, धरण किंवा समुद्र. निघण्याआधी मी वर्गात विचारते, "पोहता कोणाला येते?" हात बोटांवर मोजण्याएवढे वर होतात. मुलींमध्ये बहुधा एकही नाही.

८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून पाणी सोडल्यामुळे वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले. आणि आपल्या अगदी दाराशी, २१ मे २०२४ रोजी, उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यांत लहान मुले होती. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. यातले बहुतेक मृत्यू वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतात. म्हैस धुवायला गेलेला मुलगा, कपडे धुताना पाय घसरलेली बाई, गणपती विसर्जनाला उतरलेला तरुण.

पोहता आले म्हणजे सगळे वाचतात, असे नाही. बियासच्या लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालले नसते. तलावात खोली लिहिलेली असते, नदीत लिहिलेली नसते. धरणाच्या खालच्या पात्रात उतरू नये, ओहोटीच्या समुद्रात पाठ फिरवू नये, बोटीत जॅकेटशिवाय बसू नये, बुडणाऱ्याला हात न देता दोर, काठी किंवा साडी फेकावी, हे पोहण्याइतकेच महत्त्वाचे शिक्षण आहे. पण ज्याने एकदा पाण्यात अंग सैल सोडून पाहिले आहे, त्याला पाण्याचा अंदाज येतो. ज्याने कधी पाहिले नाही, तो एक तर आंधळेपणाने उडी मारतो, नाही तर कमरेएवढ्या पाण्यातही घाबरून जातो.

विहिरी आटल्या, मळे विकले गेले, उरलेल्या विहिरींवर जाळ्या बसल्या. भोपळ्याची शाळा बंद झाली, आणि तिच्या जागी दुसरी शाळा आपण काढली नाही. मधल्या दोन पिढ्या कोरड्या राहिल्या, त्यांतली एक माझी. आजीला पोहता येते आणि नातीला आता येऊ लागले, मधली मात्र काठावर बसलेली, हे दृश्य आपल्या कितीतरी घरांचे आहे.

जाणार असाल तर

सोलापूर, कलबुर्गीकडून रेल्वेने येणाऱ्यांनी लिंगमपल्लीला उतरावे, सिकंदराबाद-नामपल्लीपर्यंत जाऊन उलटे येऊ नये. बीदर, जहीराबादकडून बसने येणाऱ्यांनाही पटनचेरूमार्गे लिंगमपल्लीच आधी लागते. तलावाच्या वेळा, वर्गांचे दिवस आणि शुल्क बदलत असते, स्पर्धा असल्या तर तलाव इतरांना बंदही असतो. म्हणून राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाकडे आधी चौकशी करावी. नायलॉनचा पोशाख, टोपी, टॉवेल आणि डॉक्टरांचा दाखला जवळ असावा. आणि डबा न्यायला विसरू नका. पोहल्यानंतर जी भूक लागते तिला बिस्किटे पुरत नाहीत. आम्ही धपाटे आणि शेंगाचटणी नेत होतो. पहिल्या दिवशी चार धपाटे पुरले, आठवड्याने बारा लागू लागले.

हैदराबाद लांब पडत असेल तर कोल्हापूरचा अंबाई टँक आहे, बेळगावात गोवावेसचा तलाव आहे. आपल्या गावच्या पालिकेचा तलाव सुरू आहे की बंद, हे एकदा जाऊन बघा. बंद असेल तर का बंद आहे ते विचारा. पाच जणांनी विचारले तर उत्तर मिळत नाही, पन्नास घरांनी विचारले तर पंप दुरुस्त होतो. शाळांनी दहावीच्या आधी प्रत्येक मुलाला आणि मुलीला निदान पाण्यावर पडून राहायला शिकवले, तरी पुष्कळ काम होईल. पंचवीस मीटर पुढचे पुढे.

उन्हाळा तोंडावर आला की आपण मुलांना संगणकाच्या, चित्रकलेच्या, इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घालतो. ते सगळे नंतरही शिकता येते. यंदा एक वर्ग पाण्याचा असू द्या, आणि घरातल्या मुलीचे नाव आधी घाला.